घोडं कुठे पेंड खातंय?

'समजलं ना सगळ्यांना?'

कॉलेजातल्या सायन्सच्या लेक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी वेळा खरं उत्तर मिळणारा प्रश्न हाच असावा. पहिल्या बाकावरचे माना डोलावतात. मधले वहीत काहीतरी खरडतोय असं दाखवतात. शेवटच्या बाकापर्यंत तर प्रश्न पोचलेलाच नसतो. सर डस्टर उचलतात आणि पुढचा टॉपिक सुरू. पोर्शन संपवायचाय ना!

यात सरांचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. साधा हिशोब करा. वर्गात १२० मुलं आणि लेक्चर ४८ मिनिटांचं. सरांनी शिकवणं बंद करून नुसतं प्रत्येकाला 'तुला काय कळलं नाही?' असं विचारायचं ठरवलं, तरी माणशी २४ सेकंद येतात. तेवढ्यात कुणाचं घोडं कुठे पेंड खातंय हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

गेल्या वीसेक वर्षांत, मुख्यतः अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये, हे काम सॉफ्टवेअरकडे देऊन बघितलं गेलंय. त्याचं नाव 'अॅडॅप्टिव्ह लर्निंग'. नाव जड आहे, पण कल्पना सोपी: शिकणाऱ्यागणिक स्वतःला बदलणारं सॉफ्टवेअर. तुमच्यापैकी ज्यांनी एमबीएच्या स्वप्नापायी जीमॅट दिली असेल, त्यांना याची चुणूक मिळालेली आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की जरा सोपा. (म्हणूनच त्या परीक्षेत सोपा प्रश्न आला की पोटात गोळा येतो!) फरक एवढाच की जीमॅट तुम्हाला मोजते आणि सोडून देते. अॅडॅप्टिव्ह सॉफ्टवेअर मोजतं ते पुढे काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी.

कल्पना तशी जुनीच आहे. १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या लेकीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांचं गणित सोडवून झालं होतं, ती कंटाळली होती. काहींना ते जमतच नव्हतं. आणि आपलं बरोबर की चूक, हे कुणालाच तिथल्या तिथे कळत नव्हतं. स्किनरसाहेबांनी त्यातून लाकडी पेटीसारखं एक 'टीचिंग मशीन' बनवलं. एकेक प्रश्न पुढे यायचा, उत्तर लिहायचं, लगेच ताळा करायचा.

पुढे १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला. एका मुलाला एकच शिक्षक मिळाला आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची पायरी नाही असा नियम पाळला, तर तिथला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं त्याच्या प्रयोगात दिसलं. नंतरच्या अभ्यासांमध्ये एवढा घसघशीत फरक कुणाला फारसा सापडला नाही. पण ब्लूमने उपस्थित केलेला प्रश्न अजून जागेवरच आहे. माणशी एक शिक्षक कुणाला परवडणार? मग तेच काम स्वस्तात आणि शेकडो मुलांसाठी कसं करायचं?

ब्लूमचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणणं वेगळंच आहे. आपल्या कॉलेजात वेळ ठरलेला असतो आणि शिकणं कमीजास्त होतं. सेमिस्टर संपली की संपली. कुणाला ९० मिळतात, कुणाला ४०. ते उलटं का करू नये? शिकणं ठरलेलं ठेवा आणि वेळ कमीजास्त होऊ द्या. कुणाला दोन दिवस लागतील, कुणाला दहा.

आता सायन्सच का? कारण सायन्स ही बहुमजली बिल्डिंग आहे. इतिहासात तुमचा एखादा धडा बुडाला, तरी १९४२ ची चळवळ समजू शकते. पण अकरावीत 'मोल कन्सेप्ट' डोक्यावरून गेली, तर मोलॅरिटी गेली, मोलॅरिटी गेली तर टायट्रेशनचं कॅल्क्युलेशन गेलं, आणि मग एफवायला 'मला केमिस्ट्री जमतच नाही' असं जाहीर करून माणूस मोकळा होतो. खरं तर केमिस्ट्री नाही, खालच्या मजल्यावरची एक वीट निसटलेली असते.

ही वीट महागात पडते. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१२ मध्ये एक अहवाल दिला. सायन्स, इंजिनीअरिंग, गणित असं काहीतरी शिकायचं ठरवून कॉलेजात शिरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून कमी मुलं त्यातली डिग्री घेऊन बाहेर पडतात, असं त्यात म्हटलं होतं. अहवालाचा सगळा रोख पहिल्या दोन वर्षांतल्या शिकवण्यावर होता. म्हणजे गळती लागते ती खालच्याच मजल्यावर.

आता हे सॉफ्टवेअर चालतं कसं, ते 'अॅलेक्स'च्या उदाहरणाने बघू. अमेरिकी कॉलेजांमध्ये गणित आणि केमिस्ट्रीसाठी ते बरंच वापरलं जातं. त्याचा पाया म्हणजे ज्याँ-पॉल द्वान्याँ आणि ज्याँ-क्लोद फाल्मान्य या दोघांनी १९८५ मध्ये मांडलेली 'नॉलेज स्पेस' थिअरी. सॉफ्टवेअर तयार झालं कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात, १९९० च्या दशकात. २०१३ मध्ये मॅकग्रॉ-हिल या पुस्तकवाल्या कंपनीने ते विकत घेतलं.

थिअरी ऐकायला भारी वाटते, पण तर्क आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला आहे. जिला पुरणपोळी जमते, तिला साधी पोळी येते का हे विचारावं लागत नाही. तसंच ज्याला लिमिटिंग रिएजंटचं गणित सुटतं, त्याला समीकरण बॅलन्स करता येतंच. समजा १० टॉपिक आहेत. प्रत्येक येतो किंवा येत नाही, म्हणजे मुलाच्या डोक्यातल्या परिस्थितीच्या १,०२४ शक्यता झाल्या. पण ते दहाही टॉपिक एकावर एक रचलेले असतील, तर शक्यता उरतात फक्त ११. त्यामुळे सगळं विचारायची गरजच नाही. मधला एक प्रश्न विचारायचा. आला तर खालचं सगळं येतं असं धरायचं, नाही आला तर वरचं सोडून द्यायचं. अशा पंचवीस-तीस प्रश्नांत शेकडो टॉपिकांचा नकाशा तयार होतो. मग विद्यार्थ्याला एक गोल पाय-चार्ट दिसतो: एवढं येतं, एवढं बाकी, आणि 'हे शिकायला तू आत्ता तयार आहेस'. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. उडी मारायची नाही आणि येतं तेच पुन्हापुन्हा घोटायचंही नाही.

दुसऱ्या प्रकारची सॉफ्टवेअर आकडेमोड करतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी एक मॉडेल मांडलं. त्यात प्रत्येक उत्तरामागे दोन शंका धरलेल्या असतात. उत्तर बरोबर आलं, पण अंदाजपंचे दाहोदरसे तर नसेल? आणि चुकलं, पण येत असूनही नुसती हातचूक तर नसेल? दोन्ही शक्यता धरून मशीन दर उत्तरानंतर आपलं मत थोडंथोडं बदलत जातं. एका चुकीवरून 'ढ' असा शिक्का नाही आणि एका फ्लूकवरून 'हुशार' अशी शाबासकीही नाही. आपल्यापैकी किती जणांचे बॉस एवढे समंजस असतात?

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत केमिस्ट्रीत पीएचडी करतोय आणि त्यासोबत फर्स्ट इयरच्या मुलांचे क्लास घेतो. त्यांच्याकडे असंच एक सॉफ्टवेअर आहे. मी त्याला फोनवर विचारलं, 'मग तुझं काम कमी झालं असेल ना?'

'कुठलं गं ताई! काम बदललं. पूर्वी मी बोर्डावर एकच गणित तीनदा करून दाखवायचो आणि समजलं का विचारायचो. सगळे हो म्हणायचे. आता क्लासच्या आधी स्क्रीनवर दिसतं की अर्धी पोरं मोलॅरिटीवर नाही, त्याच्याआधीच्या युनिट कन्व्हर्जनवर अडकलीयत. मिलिलिटरचे लिटर करताना चुकतात. मग मी पहिली दहा मिनिटं तेच घेतो.'

'आणि पोरांना आवडतं का हे?'

'शिव्या घालतात. दर काही दिवसांनी सॉफ्टवेअर मागचं परत विचारतं. विसरले असतील तर पाय-चार्टमधला तो तुकडा काढून घेतं. कमावलेलं परत गेलं म्हणून जाम चिडतात. एक पोरगी तर रडली. तिला म्हटलं, अगं, परीक्षेत रडण्यापेक्षा आत्ता रडलेलं बरं.'

मला वाटतं, मावसभावाच्या या दोन वाक्यांत सगळं आलं. मशीनने सांगितलं कुठे अडलंय. पण दहा मिनिटं थांबायचं कुणी ठरवलं? माणसाने. आणि पोरीची समजूतही त्यानेच काढली.

हेच विसरलं की काय होतं, याचीही मजेशीर उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये 'न्यूटन' नावाची कंपनी निघाली. सफरचंदवाला न्यूटन नव्हे, याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला एक जादा 'के' आहे. २०११ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने गणिताच्या पायाभूत कोर्ससाठी त्यांचं सॉफ्टवेअर घेतलं आणि एकच गाजावाजा झाला. आपलं सॉफ्टवेअर म्हणजे आकाशातला रोबो मास्तर आहे, मुलांचं मन अर्धंमुर्धं वाचू शकतो, अशा थाटात कंपनीचे संस्थापक बोलत असत. पैसाही भरपूर आला. २०१९ मध्ये मात्र 'वायली' या प्रकाशन कंपनीने न्यूटन विकत घेतली आणि आकाशातला मास्तर गुपचूप पुस्तकांच्या दुकानात येऊन बसला.

दरम्यान २०१६ मध्ये एसआरआय या संशोधन संस्थेचा अहवाल आला. गेट्स फाउंडेशनच्या पैशांतून १४ कॉलेजांमध्ये अॅडॅप्टिव्ह कोर्स चालवले गेले होते, त्याचा हा लेखाजोखा. निष्कर्ष? खिचडी. काही ठिकाणी मार्क थोडे वाढले, बऱ्याच ठिकाणी लक्षात येण्याजोगा फरकच नाही. उलट कार्नेगी मेलनमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या कोर्सचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांनी निम्म्या सेमिस्टरमध्ये कोर्स पुरा केला आणि तरी ती बाकीच्यांच्या तोडीस तोड ठरली. पण तिथे मुलं आठवड्यातून दोनदा शिक्षकांना भेटत होती आणि कुठे अडलंय हे शिक्षक आधीच बघून येत होते. म्हणजे माझ्या मावसभावाचाच फंडा!

आता विद्यार्थ्यांच्या बाजूने बघू. आपण काही संत नव्हतो. जर्नल कॉपी करणं हा आपला राष्ट्रीय छंद. प्रॅक्टिकल न करता रीडिंग 'सेट' करणं ही कला. तर तिकडे एमआयटीमध्ये, म्हणजे जगातली हुशार मुलं जिथे जातात तिथे, डेव्हिड प्रिचर्ड या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी ऑनलाइन होमवर्कचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. ते पुढे 'मास्टरिंग फिजिक्स' म्हणून जगभर गेलं. सॉफ्टवेअर वेळ मोजत होतं. डोकं खाजवायला लावणारी गणितं काही मुलं प्रश्न वाचायलाही पुरणार नाही एवढ्या वेळात सोडवत होती! २०१० मध्ये प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास छापला. ३० टक्क्यांहून जास्त होमवर्क कॉपी करणाऱ्यांचं नापास होण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त होतं.

पण खरी बातमी पुढेच आहे. मोठ्या लेक्चरऐवजी छोट्या गटांत शिकवणं सुरू झालं, कोर्सच्या पद्धतीत आणखी काही बदल झाले आणि कॉपीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्याही खाली आलं. सॉफ्टवेअर फक्त पकडून देत होतं. सवय बदलली ती वर्ग बदलल्यावर.

यातलीच दुसरी शक्कल म्हणजे हिंटचं बटण. सॉफ्टवेअर अडलं की हिंट देतं, अजून अडलं की आणखी हिंट, शेवटी उत्तरच सांगून टाकतं. मग पोरं काय करणार? न वाचता टकाटक हिंट दाबत शेवटपर्यंत जायचं. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २००४ मध्ये याला चक्क नाव दिलं, 'गेमिंग द सिस्टीम'. असं करणारी मुलं कमी शिकतात, हेही दाखवून दिलं. हसू नका. ऑफिसात डेटा सिक्युरिटीचं ट्रेनिंग मोड्यूल आलं की आपण काय करतो? नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, क्विझमध्ये 'ऑल ऑफ द अबव्ह', आणि पाच मिनिटांत सर्टिफिकेट. एचआर खूश, आपणही खूश, शिकलं कोणीच नाही.

आपल्याकडे कॉलेजांपेक्षा शाळांत याचा नीट प्रयोग झालाय. अहमदाबादच्या कंपनीने बनवलेलं 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर दिल्लीत २०१५ मध्ये लॉटरीने निवडलेल्या मुलांना देऊन बघितलं. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत त्यांची प्रगती इतरांपेक्षा ठसठशीत होती. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बारकाईने बघा: मुलं ४५ मिनिटं कॉम्प्युटरवर असायची आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणाऱ्या माणसासोबत.

आणि आता एआय. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून 'प्रत्येकाच्या खिशात शिक्षक' ही जाहिरात पुन्हा सुरू झाली आहे. हार्वर्डमध्ये २०२३ साली फिजिक्सच्या १९४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एआय ट्यूटरसोबत मुलं कमी वेळात जास्त शिकली, आणि तेही चांगल्या वर्गाच्या तुलनेत. सॉलिड! पण तो ट्यूटर म्हणजे आपण रात्री प्रश्न विचारतो तो चॅटबॉट नव्हता. शिक्षकांनी आधी उत्तरं पायरी-पायरीने लिहून दिली होती आणि एका वेळी एकच पायरी सांगायची, उत्तर फोडायचं नाही, अशी तंबी दिली होती. नुसता चॅटबॉट म्हणजे हिंटचं असं बटण, जे पहिल्याच दाबात उत्तर देतं.

म्हणून उद्या आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजने 'आमच्याकडे अॅडॅप्टिव्ह लर्निंग आहे' असा बोर्ड लावला, तर मी तीन प्रश्न विचारेन. सॉफ्टवेअरने सांगितलेलं शिक्षक रोज बघतात का? बघितल्यावर पोर्शन थांबवून मागे जायची त्यांना मुभा आहे का? आणि ज्याला दोन दिवसांऐवजी दहा दिवस लागतात, त्याला ते दहा दिवस मिळणार का? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील, तर ते सॉफ्टवेअर म्हणजे महागडी हजेरी. शिवाय काही गोष्टी स्क्रीनवर येणारच नाहीत. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग भडक होतो आणि टायट्रेशन पुन्हा करावं लागतं. तो थेंब थांबवायला हातच लागतो.

हे सगळं कॉलेजच्या पोरांचं, आपला काय संबंध, असं म्हणाल तर थांबा. आपल्यातले कितीतरी जण सध्या डेटा सायन्सचे, मशीन लर्निंगचे ऑनलाइन कोर्स करतायत. तिसऱ्या आठवड्यात मेंदू संपावर जातो आणि आपण म्हणतो, 'आता वय झालं, जमत नाही.' अठ्ठाविसाव्या वर्षी कसलं वय? बहुतेक वेळा अडलेलं असतं ते बारावीतल्या मॅट्रिक्सवर नाहीतर प्रोबॅबिलिटीवर. तर या वीकेंडला एक करा. जिथे अडलायत तिथून एकेक पायरी खाली उतरत जा, 'हे मला नक्की येतं' असं म्हणता येईल तिथपर्यंत. कदाचित अकरावीचं पुस्तक काढावं लागेल. काढा. कोणी बघत नाहीये आणि पोर्शन संपवायची घाईही नाहीये.